सौरऊर्जा प्रशिक्षण आणि आदिवासी वाडी : समुदाय-समन्वयाचे स्वरूप व महत्त्व
(विशेष संदर्भ : मांडवा परिसर, जि. रायगड)

प्रस्तावना :

मुंबईशी जलमार्गाने जोडलेले मांडवा हे अलिबाग तालुक्याचे प्रवेशद्वार होय. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाल्यानंतर हा परिसर महानगराच्या अधिकच जवळ आला. किनाऱ्यालगत बंगले उभे राहिले, जमिनींचे भाव वाढले. याच तालुक्याच्या डोंगरउतारावर ठाकूर व कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. त्यांपैकी कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडणारी जमात असून कोलाम व माडिया गोंड या अन्य दोन जमाती होत. या गटांसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या 'पीएम-जनमन' अभियानात वीजजोडणी पोहोचू न शकलेल्या एक लाख घरांना ०.३ किलोवॅट क्षमतेचे स्वतंत्र सौरसंच देण्याची तरतूद करण्यात आली. प्रतिघर खर्च ५० हजार रुपये किंवा प्रत्यक्ष खर्च असा धरण्यात आला.

संच बसविणे हे काही दिवसांचे काम आहे; तो वर्षानुवर्षे चालता ठेवणे हे वाडीतील प्रशिक्षित माणसाचे काम आहे. असा माणूस घडविण्यासाठी संस्था आणि वाडी यांच्यामध्ये जो दुवा लागतो, त्याला येथे 'समुदाय-समन्वयक' म्हटले आहे. त्याच्या कार्याचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१) वाडीचे वेळापत्रक :

कातकरी कुटुंबांपैकी अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टी व कोळसाभट्टीच्या कामासाठी स्थलांतर करतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, भट्टीमालकाकडून उचल घेतली जाते व त्याच क्षणी पुढील सहा-सात महिने बांधले जातात. आषाढात लावणी आणि आश्विनाच्या सुमारास भातकापणी. या दोहोंच्या मधला काळ तेवढा प्रशिक्षणासाठी मोकळा राहतो. डिसेंबरात सुरू होणारा वर्ग कितीही उत्तम असला तरी त्या वेळी वाडी रिकामी असते. म्हणून समन्वयकाने उचल घेतली जाण्यापूर्वी वाडीत पोहोचणे आवश्यक ठरते. प्रशिक्षणकाळातील बुडीत मजुरीची भरपाई ठरलेली नसेल, तर उचलीपुढे प्रशिक्षण टिकत नाही.

२) प्रशिक्षणार्थीची निवड :

केंद्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'सूर्यमित्र' कार्यक्रमात सुमारे तीन महिन्यांचे निवासी प्रशिक्षण आणि दहावी व आय.टी.आय. अशी पात्रता अपेक्षित होती. शाळा मध्येच सुटलेल्या कातकरी तरुणांपैकी बहुतेक जण या चौकटीबाहेर राहतात. याउलट राजस्थानातील तिलोनिया येथे बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या बेअरफूट महाविद्यालयाने निरक्षर, प्रौढ ग्रामीण स्त्रियांना रंगांच्या खुणा व प्रात्यक्षिक यांच्या आधारे सौरसंच जोडणे व दुरुस्त करणे शिकविले. प्रौढ स्त्रियांच्या निवडीमागील विचार असा की, प्रमाणपत्र मिळालेला तरुण शहराकडे जातो. घरसंसार असलेली बाई गावात राहते.

हा विचार कातकरी वाडीला जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण येथे भट्टीवर बहुधा संपूर्ण कुटुंबच जाते. वर्षभर वाडीत कोण थांबते याची घरोघर फिरून केलेली नोंद हाच येथे निवडीचा आधार होय. अशी नोंद कार्यालयात बसून करता येत नाही.

३) कागद आणि विश्वास :

अनेक कातकरी वाड्या खाजगी मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. जमिनीला भाव आलेल्या परिसरात कागद व शाईचे पॅड घेऊन येणाऱ्या परक्या माणसाविषयी वाडीला शंका येणे स्वाभाविक आहे. संच स्वीकारल्याचा अंगठा हा जमिनीसंबंधीचा अंगठा नव्हे, हे समन्वयकाने मजकूर सर्वांसमोर, शक्यतो कातकरी बोली जाणणाऱ्या व्यक्तीकडून वाचून दाखवून स्पष्ट केले पाहिजे. येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नसल्याने १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले विशेष अधिकार येथील वाड्यांना उपलब्ध नाहीत. गावाच्या ग्रामसभेत वाडीचा आवाज अल्पसंख्य असतो. म्हणून वाडीची स्वतंत्र बैठक घेण्याची जबाबदारी समन्वयकावर येते.

४) तांत्रिक ज्ञानाचे रूपांतर :

०.३ किलोवॅटचा संच स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण एक ते सव्वा युनिट वीज देतो. ९ वॅटचे चार दिवे पाच तास व ३० वॅटचा एक पंखा आठ तास चालविल्यास सुमारे ०.४२ युनिट खर्च होते. म्हणजे हिशेब पुरेसा बसतो. मात्र आषाढ-श्रावणातील दाट ढगांत निर्मिती निम्म्याहूनही खाली येते. त्या दिवसांत वापर आवरला नाही, तर बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी होऊन तिचे आयुष्य घटते. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने तारांच्या जोडांना गंज चढतो. पॅनेल सुमारे पंचवीस वर्षे टिकते. बॅटरी मात्र त्याआधीच बदलावी लागते. म्हणून दरमहा थोडी रक्कम बाजूला काढणारी वाडीची समिती संच बसण्यापूर्वीच तयार होणे इष्ट आहे.

५) प्रशिक्षणानंतर :

मुंबईच्या आय.आय.टी.ने २०१३-१४ च्या सुमारास हाती घेतलेल्या दहा लक्ष सौरदिव्यांच्या उपक्रमात दिव्यांची जोडणी, विक्री व दुरुस्ती स्थानिकांकडूनच करवून घेण्यात आली. विद्यार्थ्याला दिवा १२० रुपयांत मिळत असे. याच प्रयत्नातून राजस्थानच्या डुंगरपूर जिल्ह्यात आदिवासी स्त्रियांच्या मालकीची सौर पॅनेल बनविणारी कंपनी २०१७ मध्ये उभी राहिली. तात्पर्य, कौशल्यामागे उत्पन्न उभे राहिले तरच कौशल्य टिकते. मांडवा परिसरातील बंगल्यांवरील पॅनेल व पाणी तापविण्याच्या सौरसंचांची निगा हे असे एक उत्पन्न होऊ शकते. प्रशिक्षित व्यक्तीला ते वाडीजवळच मिळाले, तर पुढील वर्षीची उचल नाकारण्याचे बळ तिला येईल.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, समन्वय हे प्रशिक्षणाचे पूरक अंग नसून त्याचा पाया आहे. योजनेच्या खर्चात पॅनेल व बॅटरीबरोबरच समन्वयकाच्या किमान दोन पावसाळ्यांच्या मानधनाचा समावेश व्हावा. महाविद्यालयांनीही याचा विचार करणे अगत्याचे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर बहुधा हिवाळ्यात भरते, आणि तेव्हा वाडीतील बरीच घरे बंद असतात. हेच शिबिर भाद्रपदात घेऊन विद्यार्थ्यांकडून घरोघर नोंद, जोडांची तपासणी व समितीचा हिशेब ही कामे करवून घेतल्यास महाविद्यालय वाडीच्या खऱ्या गरजेला उपयोगी पडेल.