मस्समानची चव बघणार कोण?

संध्याकाळचे साडेपाच वाजलेले. शनिवार पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पातेल्यात नारळाचे दूध मंद आचेवर रटरटते आहे. गवती चहा, भाजलेले धणे आणि दालचिनी यांचा एकत्र वास जिन्यापर्यंत पोहोचला आहे. स्वयंपाक करणारी सून पहाटेच्या सहेरीपासून रोज्यात आहे. इफ्तारला अजून सव्वा तास. वाटण परतून झाले, रस्सा उकळला. राहिले ते फक्त चिंच, गूळ आणि मीठ.

थायी स्वयंपाकात खरी परीक्षा इथेच असते. आंबट, गोड, खारट आणि तिखट यांचा तोल शेवटी जिभेनेच साधायचा. कृतीच्या वहीत मापे लिहिलेली असली, तरी चिंच कधी जुनी असते, गूळ कधी खारट निघतो. आणि रोजेदाराला नेमकी हीच चव घेता येत नाही. गरज पडली तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकावी, घोट गिळू नये, एवढी मुभा फिकहच्या ग्रंथांत आहे. तरी पुष्कळ घरांत ती वापरली जात नाही. घरातले लहान मूल, औषधावर असलेली आजी किंवा शेजारीण यांना हाक मारली जाते.

इथे समोरच्या दाराची कडी वाजते.

"काकू, जरा मीठ बघता का?"

"बघते की. पण त्यात काही घातलं नाहीस ना अजून?"

"नाही काकू, नुसता रस्सा आहे. चिकन वेगळं शिजतंय."

काकू माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मांस-मासे वर्ज्य. तळहातावर दोन थेंब घेऊन त्या क्षणभर डोळे मिटतात आणि सांगतात, "आंबट पुढे येतंय. सुपारीएवढा गूळ घाल. मीठ बरोबर आहे."

या दोन थेंबांसाठी या घरातली मस्समान करी आता वेगळ्या क्रमाने होते.

मस्समान हे नाव ऐकले की कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा शब्द फारसीतल्या 'मुसलमान' या शब्दाचे थायी रूप आहे. मराठीत आणि उर्दूत जो शब्द आला, तोच समुद्रमार्गे सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला पोहोचला. सतराव्या शतकाच्या आरंभी इराणमधील कुम शहरचा शेख अहमद नावाचा व्यापारी अयुथ्या या तेव्हाच्या राजधानीत स्थायिक झाला आणि राजदरबारी मोठ्या पदाला चढला. त्याच्या वंशातले बुन्नाग घराणे पुढे थायलंडच्या राजकारणात नामांकित झाले. १६८५ मध्ये इराणच्या शाह सुलेमानने सयामच्या नाराय राजाकडे वकिलात पाठवली. त्या प्रवासाची हकिगत 'सफीना-ए-सुलेमानी' या फारसी ग्रंथात आहे. या व्यापाराची एक वाट दख्खनमधून जाई. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीतील मच्छलीपट्टणम बंदरातून निघालेला माल बंगालचा उपसागर ओलांडून मेरगुईला उतरे आणि तिथून जमिनीवरून अयुथ्येला जाई.

थायी करीमध्ये एरवी हिरवा मसाला असतो. गवती चहा, कुलिंजन, लिंबाची पाने, ओली किंवा सुकी मिरची. मस्समानमध्ये त्याच्या जोडीला वेलदोडा, दालचिनी, लवंग, जायफळ, तमालपत्र, जिरे आणि धणे येतात. म्हणजे आपला गरम मसालाच. आलेल्या माणसांचा मसाला आणि तिथल्या मातीतला नारळ एका पातेल्यात शिजले. थायलंडचे राजे दुसरे राम यांच्या नावावर असलेल्या, खाद्यपदार्थांवरच्या एका जुन्या काव्यात मस्समानचा उल्लेख आहे. त्यांची कारकीर्द १८०९ ते १८२४. पाहुण्यांच्या नावाचा पदार्थ राजवाड्याच्या पंगतीत मानाने बसला होता. २०११ मध्ये सीएनएनने जगातल्या चविष्ट पदार्थांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक याच करीला मिळाला.

पुण्यात हे पदार्थ आता हॉटेलांत सहज मिळतात. घरी करायचे म्हटले की मात्र माणूस सामानाच्या नावांनीच घाबरतो. खरे तर अर्धे सामान पेठांमध्येच आहे. गवती चहा कुंडीत असतोच. फरक एवढाच, की चहासाठी आपण पाने घेतो आणि थायी वाटणाला बुडाचा पांढरा, कोवळा भाग लागतो. कुलिंजन काष्ठौषधींच्या दुकानात सुकलेले मिळते. युनानी हकीम त्याला खूलंजान म्हणतात. सुके कुलिंजन उग्र असते, म्हणून बोटाच्या पेराएवढाच तुकडा रश्शात टाकून शेवटी काढून घ्यावा. थायी लिंबाची पाने नसतील, तर कागदी लिंबाची कोवळी पाने मधली शीर काढून चालतात. थायी तुळस ही तर आपल्या सब्जाचीच बहीण. रमजानच्या सरबतात आणि फालुद्यात ज्याचे बी फुगून येते, त्याच जातीची ती.

पाच माणसांसाठी दोन नारळांचे दाट आणि पातळ दूध वेगवेगळे काढावे. आठ-दहा बेडगी मिरच्या बिया काढून भिजवाव्यात. एक मोठा चमचा धणे, एक लहान चमचा जिरे, चार लवंगा, पाच वेलदोडे, बोटभर दालचिनी कोरडे भाजावे. दोन कांदे आणि आठ लसूण पाकळ्या सालीसकट आचेवर भाजून सोलाव्यात. गवती चहाचे दोन बुंधे बारीक चिरून हे सगळे एकत्र वाटावे. दाट दूध पातेल्यात तेल सुटेपर्यंत आटवावे. डब्यातल्या दुधाला पुष्कळदा तेल सुटतच नाही, म्हणून ताजा नारळ बरा. त्यात वाटण परतावे, मग पातळ दूध, बटाट्याच्या मोठ्या फोडी आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे घालावेत. बटाटा शिजला की चिंचेचा कोळ, गूळ आणि मीठ.

मूळ कृतीत आणखी दोन गोष्टी असतात. कोळंबीची आंबवलेली चटणी आणि माशांचा खारट अर्क. रोजेदाराला मासे हलाल असल्याने त्याची अडचण नाही. अडचण काकूंची आहे. बाजारातल्या तयार वाटणातही पुष्कळदा कोळंबी असते, त्यामुळे डबीवरची बारीक अक्षरे शाकाहारी माणसाने वाचलेली बरी. या घरात म्हणूनच रस्सा आधी शाकाहारी होतो. काकूंनी चव बघितली की त्याचे दोन भाग होतात. एकात लाल भोपळा जातो. दुसऱ्यात वेगळे शिजवलेले चिकन आणि भाजून कुटलेला चमचाभर सुका जवळा. जवळ्याविना रश्शाची ती खोल, खारट चव थोडी उणी राहते, हे खरे. कांदा-लसूण नीट भाजला आणि शेंगदाण्याचे कूट थोडे वाढवले, की उणीव बरीच भरून निघते. बँकॉकचा आचारी कदाचित मान हलवेल. पण ज्या पदार्थाचा जन्मच पाहुण्यांसाठी जागा करण्यातून झाला, त्यात एवढा फेरफार बसतो.

हे सगळे पहिल्यापासून असे नव्हते. पुण्यात घर शोधताना "नॉनव्हेज करता का?" हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या घराची सुरुवातीची वर्षे वेगळी सांगायला नकोत. सून फोडणी देताना जिन्याकडची खिडकी लावून घेई. वास बाहेर गेला तर कोणी काही बोलेल, ही धास्ती. कोणी बोलले नव्हते, पण धास्तीला तेवढे कारण लागत नाही. एका रमजानमध्ये सासूबाई आजारी होत्या, मुलगी कॉलेजात, आणि मीठ बघायला घरात कोणी नव्हते. तेव्हा पहिल्यांदा समोरची कडी वाजली. त्या दिवशी खिचडी होती, म्हणून विचारायला जीभ रेटली. काकूंनी चव बघितली आणि जाताना म्हणाल्या, "खिडकी उघड गं, किती कोंडलंय इथे."

रस्सा शिजवताना पाणी थोडे जास्त घाला आणि शेजाऱ्यांचा वाटा काढा, अशी पैगंबरांची शिकवण 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात आहे. शेजारी कोणत्या धर्माचा, हे त्यात विचारलेले नाही. वाटा मात्र त्याला खाता येईल असा हवा, हे शहाणपण रोजच्या स्वयंपाकातून शिकावे लागते.

पावणेसात होत आले. दस्तरखानावर खजूर, पाणी, कलिंगडाच्या फोडी आणि सब्जाचे सरबत मांडले गेले. दिवसभराच्या उपाशी पोटाला ही करी सोसते, कारण तिचा तिखटपणा नारळाच्या दुधाने निवलेला असतो. भोपळ्याच्या मस्समानचा डबा आणि वाटीभर मोकळा भात घेऊन मुलगी समोर जाते. कालचा डबा काकू परत देतात. तो रिकामा नाही, त्यात ओल्या खोबऱ्याच्या दोन वड्या आहेत.

"उद्या काय आहे?" काकू विचारतात.

"अम्मी म्हणते, उद्या साधी डाळ."

"बरं. पण मला लवकर बोलवा म्हणावं. सहा वाजता माझं हरिपाठाचं बसणं असतं."