फायर म्हणजे आग नव्हे!

मॅगझिनसाठी मी ‘फायर सपोर्ट व्हेईकल’वर लिहितेय असं मेसमध्ये सांगितलं, तेव्हा माझी रूममेट म्हणाली, “फायर ब्रिगेडवर? मस्त! त्या लांब शिडीबद्दल पण लिही.” म्हणून सुरुवातीलाच सांगते, इथे फायर म्हणजे गोळीबार. पायदळाचे जवान चिलखती गाडीतून उतरून पुढे सरकत असतात. समोर पक्का बंकर असतो आणि त्यातून मशीनगन चालू असते. अशा वेळी मागून मोठ्या तोफेने तो बंकर गप्प करणारी गाडी म्हणजे फायर सपोर्ट व्हेईकल. आणखी एक, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.

माझं आजोळ नगरचं, म्हणजे आताचं अहिल्यानगर. रणगाडे आणि चिलखती गाड्या यांचं हे गावच म्हणा ना! आर्मर्ड कोअरचं ट्रेनिंग तिथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर तिथे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई तिथे, आणि १९९४ पासून रणगाड्यांचं म्युझियमही तिथेच. दिवाळीच्या सुट्टीत आजीच्या शेजारच्या काकांशी माझा वाद झाला. काका मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. मी थाटात म्हटलं, “काका, रणगाडा एवढा जड आणि महाग करायचाच कशाला? तुमच्या बीएमपीवर मोठी तोफ बसवली की झालं!”

काका हसले. “बसव की. पण पोरी, मग माझी सात पोरं बसणार कुठं?”

मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून हे डोक्यात बसलंय.

बीएमपी-२ ही मूळची रशियन गाडी. आपल्याकडे मेदकच्या कारखान्यात १९८७ पासून ‘सारथ’ नावाने बनू लागली. वजन सुमारे १४ टन. चालवणारे तिघे आणि मागे सात जवान. वर ३० मिलिमीटरची तोफ, शिवाय रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र. पट्ट्यांवर चालते आणि पाण्यात पोहते. त्याच सुमारास आपल्या लष्कराचे पीटी-७६ हे हलके रणगाडे म्हातारे झाले होते. हे साधे रणगाडे नव्हेत बरं! २१ नोव्हेंबर १९७१ ला गरीबपूरच्या लढाईत आपल्या ४५ कॅव्हलरीने याच पीटी-७६ वरून पाकिस्तानच्या शॅफी रणगाड्यांचा फडशा पाडला होता. त्यांच्या जागी हलकं, पोहणारं आणि मोठ्या तोफेचं काहीतरी हवं होतं. म्हणून डीआरडीओने एक प्रोटोटाइप केला. सांगाडा बीएमपीचा आणि त्यावर फ्रान्सच्या जिआट कंपनीचं टीएस-९० टरेट, म्हणजे तोफेचा फिरता घुमट, १०५ मिलिमीटर तोफेसकट. तंतोतंत माझीच आयडिया! ती गाडी सैन्यात कधीच दाखल झाली नाही.

आता गणित करू. मेकॅनिकलवाल्यांनी चुका काढाव्यात, बाकीच्यांनी विश्वास ठेवावा.

वर्सोव्याहून मढला जाणारी फेरीबोट तुम्ही पाहिलीच असेल. काठावर उडी मारणारा माणूस पुढे जातो आणि बोट मागे सरकते. लहान होडीतून उडी मारली तर होडी जास्तच सरकते. तोफेचंही तसंच. समजा गोळा ६ किलोचा आणि वेग सेकंदाला १४०० मीटर. संवेग झाला ८४००. (‘संवेग’ म्हणजे मोमेंटम, हे मला मराठी मीडियमच्या मैत्रिणीने सांगितलं.) शिवाय गोळ्यामागून जळलेल्या दारूचा वायूही सुसाट बाहेर पडतो. तो धरून बेरीज १५,००० मानू. आपला जुना विजयंता रणगाडाही १०५ मिलिमीटर तोफेचाच, वजन सुमारे ३९ टन. ती गाडी मोकळी असती तर सेकंदाला साधारण ३८ सेंटिमीटर वेगाने मागे गेली असती. १४ टनांची गाडी मात्र मीटरभराहून थोड्या जास्त वेगाने. प्रत्यक्षात पट्टे जमीन धरून ठेवतात, त्यामुळे गाडी धावत नाही, डोलते. तोफ आडवी फिरवून झाडली तर एका कुशीवर उचलली जाते आणि परत आपटते. ते थांबेपर्यंत तोफचीला पुढचा नेम धरता येत नाही. आणि बंकरमधला माणूस काही आपली वाट बघत बसत नाही.

यावर उपाय म्हणजे नळीला मागे सरकायला जास्त जागा द्यायची. क्रिकेटमध्ये कॅच घेताना आपण हात मागे नेतो, तसंच. मागे सरकणारा भाग १२०० किलोचा धरला आणि तो ३० सेंटिमीटरमध्ये थांबवला, तर गाडीवर सरासरी ३२ टनांच्या वजनाइतकं बळ येतं. ७५ सेंटिमीटर दिले तर १३ टनांवर येतं. हे उत्तर आल्यावर मी खूश होऊन चहा प्यायला गेले. परत आले तेव्हा लक्षात आलं की बळ कमी झालं तरी एकूण संवेग तेवढाच राहतो, फक्त जास्त वेळात वाटला जातो. गाडी तुटणार नाही, पण डोलायची ती डोलणारच. शिवाय ते ७५ सेंटिमीटर येणार कुठून? टरेटच्या आतून! तिथेच गोळा भरणारा माणूस उभा असतो. म्हणजे टरेट मोठं, म्हणून जड, म्हणून गाडी आणखी वरजड.

दुसरं संकट पाण्याचं. पोहणारी गाडी स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. वर टनभर चढवलं की ती टनभर खोल बसते आणि गुरुत्वमध्यही वर जातो. पुन्हा आपली फेरीबोट आठवा. तळाशी बाईक चढवल्या तर बोट शांत असते. तेवढंच ओझं टपावर ठेवा, मग बघा.

आणि तिसरा प्रश्न काकांचा. १०५ चा एकेक गोळा हाताएवढा लांब. तसे दोनचार डझन ठेवायचे तर मागचे जवान उतरवावेच लागतात. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये कुणी भलीमोठी सूटकेस घेऊन चढलं की तीन जणींची जागा जाते, तसंच. मग ज्यांना आधार द्यायचा ते सात जण दुसऱ्या गाडीत बसणार. ती गाडीही विकत घ्यायची, चालवायची आणि वाचवायची.

हे सगळं आपल्यालाच जमलं नाही असं समजू नका. ऑस्ट्रेलियाने व्हिएतनामच्या युद्धात एम-११३ या सैनिकवाहू गाडीवर ब्रिटिश सलाडिन चिलखती गाडीचं आख्खं टरेट बसवलं. तोफ ७६ मिलिमीटरची, म्हणजे धक्का बेताचा. ते चाललं. अमेरिकेने आठ चाकी स्ट्रायकरवर १०५ ची तोफ बसवली, त्यात गोळे मावले अठराच. जवानांना जागा नाहीच. गोळे आपोआप भरणाऱ्या यंत्राच्या तक्रारी काही संपल्या नाहीत, आणि २०२१ मध्ये अमेरिकेने ती गाडी मोडीत काढायचं जाहीर केलं. एवढा पैसा असून!

आपल्याकडे गोष्ट नंतर दोन वाटांनी गेली असं मला दिसतं. नगरच्या व्हीआरडीईने टाटांबरोबर आठ चाकी पोहणारी गाडी केली, जी २०१४ च्या डिफेन्स एक्स्पोमध्ये ‘केस्ट्रेल’ नावाने आली. तिच्यावर टरेट बसवलं तेही ३० मिलिमीटरचंच, आणि जवानांच्या जागा राखल्या. दुसरी वाट हलक्या रणगाड्याची. २०२० मध्ये लडाखमध्ये चीनशी ठिणगी पडल्यावर डीआरडीओ आणि एल अँड टी (पवईला ज्यांच्या गेटवरून आपण बसने जातो तीच) यांनी ‘जोरावर’ बनवला. जुलै २०२४ मध्ये तो हझिऱ्याला दाखवला. तोफ तीच १०५ ची, पण वजन २५ टन आणि सांगाडा कुणाकडून उसना न घेता रणगाडा म्हणूनच आखलेला. टरेट मात्र या वेळीही परदेशी, बेल्जियमच्या कंपनीचं. ते मला खटकतं.

माझ्या मते बीएमपीवरचा तो प्रोटोटाइप वाया गेला नाही. सांगाडा आणि तोफ दोन्ही चांगले असूनही जोडी जमत नाही, हे कागदावर पटत नाही. निदान मला तरी काकांनी विचारेपर्यंत पटलं नव्हतं.

हे सगळं गणित चार पानांवर लिहून मी मामाच्या हाती काकांकडे पाठवलं. रविवारी त्यांचा फोन आला. गणित बरोबर असेल म्हणाले, त्यातलं त्यांना काही कळत नाही. पण गोळा भरणारा माणूस मी टरेटमध्ये उजव्या हाताला उभा दाखवलाय, तिथे नळी मागे आली की त्याचा खांदा जाईल. “त्याला आधी हलव,” म्हणाले, “मग पुढचं.” चित्र दुरुस्त करतेय.