पगार चांगला, तरीही आर्थिक मदतीचा अर्ज करावा का?

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेली अनेक मराठी कुटुंबे आहेत. नवरा-बायको दोघेही कमावते, स्वतःचा फ्लॅट, दारात गाडी. मुलगी बारावीत गेली आणि कॉलेजच्या अर्जात 'आर्थिक मदत हवी आहे का?' असा रकाना दिसला, की अशा घरांत वाद सुरू होतो. आई म्हणते, "विचारायला काय हरकत आहे?" बाबा म्हणतात, "आपल्याला कोण देणार? आणि लोक काय म्हणतील?"

मदत म्हणजे भीक नव्हे, आणि हुशारीचे बक्षीसही नव्हे. याच रस्त्याने पुढे सर्जापूरजवळ अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. २०१० साली स्थापन झालेले हे विद्यापीठ गुण पाहून नव्हे, तर कुटुंबाची गरज पाहून मदत देते. त्यामागे अझीम प्रेमजींची देणगी आहे. त्यांच्या विप्रोची सुरुवात १९४५ साली आपल्या अमळनेरात तेलाच्या गिरणीने झाली होती.

गरज केवळ पगारावरून कळत नाही. घराचा हप्ता, धाकट्याची फी, आजी-आजोबांचे औषधपाणी वजा जाता हाती काय उरते, यावर ती ठरते. म्हणूनच अर्जासोबत कागदपत्रे मागतात. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरे, पण इथे ती उघडावीच लागते.

सरकारी योजनांत मात्र उत्पन्नाची रेषा पक्की असते. २०२४ च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत व्याजाची सवलत वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांनाच मिळते. पण यादीतील नामांकित संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळण्याची सोय त्याहून अधिक उत्पन्न असलेल्यांनाही आहे. जुन्या करपद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत सूटही घेता येते.

परदेशी जायचे असेल, तर गणित बदलते. हार्वर्डने २०२५-२६ पासून वार्षिक २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलांना पदवीची शिकवणी फी माफ केली आहे. परदेशी विद्यार्थ्यांनाही तिथे हेच नियम लागू आहेत. मात्र अमेरिकेतील अनेक कॉलेजे परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना त्याची पैसे भरण्याची ऐपतही पाहतात. तिथे मदत मागितल्याने प्रवेशाची संधी कमी होऊ शकते. काही ठिकाणी पहिल्या वर्षी मागितली नाही, तर पुढे मागताही येत नाही. म्हणून प्रत्येक कॉलेजचा नियम आधी वाचावा.

मग अर्ज करावा का? फी भरताना घराची घडी विस्कटणार असेल, तर जरूर करावा. निर्णय संस्था घेईल. नकार आला, तर त्यात कमीपणा नाही. पण गावाकडची जमीन किंवा दुसरा फ्लॅट लपवून मिळवलेली मदत ही दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीची जागा असते. अर्जावर शेवटी मुलीचीही सही असते, हे आईबाबांनी विसरू नये.