पाच मिनिटे श्वासासाठी

फेब्रुवारी उजाडला की आमच्या धरणगावच्या शाळांमध्ये एक चित्र हमखास दिसते. वर्षभर अभ्यास केलेली मुलगी सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका हातात घेते आणि तिला काहीच आठवेनासे होते. तळहात ओले, घसा कोरडा, छातीत धडधड. आम्ही शिक्षक तिला सांगतो, "घाबरू नकोस बेटा." पण घाबरायचे नाही म्हणजे नेमके काय करायचे, हे तिला कोणी शिवकलेलेच नसते. घरातल्या अम्मीचीही हीच गत. सासऱ्यांची औषधे, नळाच्या पाण्याची वेळ, मुलांची फी, हे सगळे डोक्यात घेऊन ती रात्री कूस बदलत राहते.

अशा वेळी हाताशी असलेले सर्वात स्वस्त साधन म्हणजे आपला श्वास. हृदयाला 'हळू चाल' असे सांगता येत नाही. श्वास मात्र आपोआप चालतो आणि मनात आणले तर आपल्याला त्याची गती बदलताही येते. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. म्हणून श्वास सावकाश आणि लांब सोडला की शरीराला निवांत होण्याचा इशारा मिळतो.

या विषयाचा एक मोठा अभ्यासक आपल्या शेजारच्या अमळनेरचा शिक्षक होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे नाव. पुढे ते स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. तरुणपणी वडोदऱ्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रो. माणिकरावांकडे त्यांनी व्यायामाचे धडे घेतले. नंतर ते खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवू लागले आणि अमळनेरच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य झाले. 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे संशोधनाचे नियतकालिक सुरू केले. ऐकीव गोष्टींवर न थांबता त्यांनी क्ष-किरण यंत्र आणि रक्तदाबाची मोजमापे वापरली. प्राणायामाने शरीराला खूप जास्त ऑक्सिजन मिळतो, ही लोकांची आवडती समजूत त्यांच्या मोजणीत टिकली नाही आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. मोजा, तपासा, मग बोला, ही शिक्षकाची शिस्त आपणही ठेवायला हवी.

काही भगिनी विचारतात, "हे आपल्यात चालते का?" सावकाश श्वास घेणे ही शरीराची कसरत आहे, त्यासाठी कोणताही मंत्र म्हणावा लागत नाही. शिवाय श्वासावर लक्ष ठेवणे आपल्या बुजुर्गांना नवे नव्हते. सूफी परंपरेत त्याला 'पास-ए-अनफास' म्हणतात. नक्शबंदी सिलसिल्यात 'होश दर दम', म्हणजे प्रत्येक दमागणिक भान, हा पहिल्या धड्यांपैकी एक. सोळाव्या शतकात शत्तारी सिलसिल्याचे शेख मुहम्मद गौस ग्वालियरी यांनी 'बहरुल हयात' या फारसी ग्रंथात योग्यांच्या श्वासविद्येची माहिती दिली. त्यांच्या शिष्यपरंपरेतले बुजुर्ग पुढे खानदेशच्या जुन्या राजधानीत, बुऱ्हाणपुरात नांदले. अर्थात ही कसरत नमाजची जागा घेत नाही. पण नमाजला उभे राहिल्यावर मन बाजारात फिरत असेल, तर त्याला परत आणण्याची सवय तिथेही उपयोगी पडते.

सुरुवात कशी करावी? फज्रनंतरची वेळ चांगली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढीच काय ती गार हवा. चटईवर किंवा खुर्चीवर बसा. पाठ सरळ, खांदे सैल, एक हात पोटावर. नाकाने श्वास घेताना मनात चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. पोट हलकेच वर येईल, खाली जाईल. जोर लावू नका. दोन मिनिटे झाली की मोजणे थांबवा आणि पुढची तीन मिनिटे श्वास जसा येतो तसा येऊ द्या. नाकपुडीशी त्याचा स्पर्श फक्त जाणवू द्या. मन गॅसवरच्या दुधाकडे धावेल, नणंदेच्या बोलण्याकडे धावेल. धावले हे लक्षात आले की न रागावता परत श्वासाकडे या. मन रिकामे करायचे नाही. त्याला परत आणायचे, हाच खरा सराव. पहिले दोन आठवडे पाचच मिनिटे पुरेत. मग हवे तर दहा करा.

यासाठी महागडे शिबिर लागत नाही. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रातले दहा दिवसांचे शिबिरसुद्धा विनाशुल्क असते आणि त्याचे पहिले दिवस केवळ श्वास पाहण्यात जातात. आपल्या राज्याच्या शिक्षण विभागाने 'मित्र उपक्रम' या नावाने हीच आनापान पद्धत शाळांपर्यंत नेली. त्यात मुलांनी रोज दोनदा दहा-दहा मिनिटे शांत बसणे अपेक्षित आहे.

काही पथ्ये मात्र पाळा. चक्कर आली, घुसमट वाटली किंवा जुन्या दुःखद आठवणी उसळल्या तर डोळे उघडा आणि थांबा. भस्त्रिका, कपालभाती, श्वास रोखून धरणे हे नवशिक्यांनी स्वतःच्या मनाने करू नये. हृदयविकार, उच्च रक्तदाब, फिट येणे किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बीपीची गोळी, दम्याचा पंप बंद करू नका. आणि आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर पाच मिनिटांच्या श्वासावर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा 14416 या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतून बोला. यात लाजण्यासारखे काही नाही. ताप आल्यावर आपण दवाखान्यात जातोच ना?

मुलांना हे शिकवायचे असेल तर आधी घरातल्या मोठ्यांनी बसावे. अम्मी-अब्बू रोज पाच मिनिटे मोबाईल दूर ठेवून शांत बसलेले दिसले, की लेकरे आपणहून शेजारी येऊन बसतात. परीक्षेला अजून महिना असतानाच ही सवय लागली, तर प्रश्नपत्रिका हातात आल्यावर त्या मुलीला काय करायचे ते ठाऊक असेल. पेन खाली ठेवायचा, पाच सावकाश श्वास घ्यायचे आणि मग पहिला प्रश्न वाचायचा.