निळ्या आभाळाचा धोका

डिसेंबर लागला की पुण्याच्या कर्वेनगरातल्या सोसायट्यांमध्ये उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या ट्रेकसाठी सॅक भरल्या जातात. थर्मल, गेटर, भाड्याने आणलेले जाड जॅकेट, सगळं यादीत असतं. पाठीवर वजन घेऊन सिंहगडही होतो. त्याने दम नक्की वाढतो, पण सह्याद्रीने लावलेली एक सवय बर्फात उलटते. आपल्याकडे पाऊस थांबला, ऊन पडलं, कातळ वाळला की वाट खुली. हिमालयात मोठ्या हिमवर्षावानंतर आभाळ निळं झालं की नेमका तोच दिवस सर्वांत बेभरवशाचा.

हे वाचलं होतं. पटलं ते काश्मीरमधल्या गुलमर्गला, अफरवाट शिखराच्या पायथ्याशी एका स्की गाइडला खड्डा खणताना पाहून. रात्रभर बर्फ पडून गेला होता आणि सकाळ इतकी लख्ख होती की सगळ्यांना वर जायची घाई. गाइडने मात्र आधी जागा शोधली. आम्हाला जायचं होतं तो उतार नव्हे. त्याच दिशेला तोंड असलेला, तेवढाच तिरपा, पण लहान आणि डोक्यावर काही न लटकणारा. मग धातूच्या फावड्याने थेट जमिनीपर्यंत खणलं, भिंत तासून गुळगुळीत केली आणि तो तिच्यात हात खुपसू लागला. वरच्या थरात आख्खी मूठ गेली. खाली चार बोटं, मग जेमतेम एक. त्याखालच्या पट्ट्यात पेन्सिलच तेवढी शिरली. आणि तळाशी पुन्हा मूठ सहज आत. तिथला बर्फ त्याने तळहातावर घेतला तर जाड्या साखरेसारखे सुटे दाणे बोटांतून ओघळले.

कडक थराखाली हा भुगा, हीच सगळी गोम. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, वरची हवा उणे दहा-पंधरा. दर दहा सेंटिमीटरला साधारण एक अंशाहून अधिक फरक पडला की आतली वाफ वर सरकत पुन्हा गोठते आणि एकमेकांना न धरणारे टोकदार दाणे तयार होतात. थर पातळ असेल तर हा फरक आणखी तीव्र. म्हणजे ‘यंदा बर्फ कमी आहे, धोकाही कमी’ हा आपला हिशेब चुकीचा.

मग त्याने करवतीने तीस बाय तीस सेंटिमीटरचा खांब सुटा केला, वर फावड्याचं पातं ठेवलं. आधी मनगटातून दहा थापा, मग कोपरातून दहा, शेवटी खांद्यातून. खांद्यापर्यंत वेळच आली नाही. कोपरातल्या थापा सुरू असतानाच वरचा अख्खा ठोकळा सरकून पुढे आला. गाइडने फावडं झटकलं. ‘आज ऊपर नहीं.’ कुणीतरी निळ्या आभाळाकडे बोट दाखवलं. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

त्याच अफरवाटवर १ फेब्रुवारी २०२३ला पोलंडचे दोन स्कीअर हिमस्खलनात गेले. धोकादायक उतार साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचे, म्हणजे आपल्याकडचा घसारा असतो तसेच. डोळ्यांना मुळीच भयंकर न वाटणारे. आणि गिर्यारोहक किंवा स्कीअर सापडतात त्या बहुतेक अपघातांत बर्फ मोकळा होतो तो त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने.

गाडल्यावर पहिली पंधरा मिनिटं महत्त्वाची. त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. सियाचीनच्या सोनम चौकीवर ३ फेब्रुवारी २०१६ला दहा जवान गाडले गेले. लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण ११ फेब्रुवारीला तेही गेले. त्या दहांत सातारा जिल्ह्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. हनुमंतप्पांचं उदाहरण आशेसाठी सांगितलं जातं. मला ते अपवाद म्हणूनच वाचावंसं वाटतं.

म्हणून अंगावर गाडलेल्याचा संदेश पकडणारा ट्रान्सीव्हर, सॅकमध्ये बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी म्हणजे प्रोब, आणि फावडं. ट्रान्सीव्हरचा सराव कर्वेनगरातही होतो: मैदानाच्या कडेला पाचोळ्याखाली एक यंत्र पुरायचं आणि दुसऱ्याने शोधायचं. ४५७ किलोहर्ट्झचा संदेश शोधणाऱ्याला सरळ रेषेत नेत नाही, वळसा घालून नेतो. जवळ गेल्यावर यंत्र जमिनीलगत आडवं-उभं सरकवावं लागतं, आणि पळणारा हमखास पुढे निघून जातो. पाचोळा हाताने बाजूला करता येतो. कोसळून थांबलेला बर्फ मात्र घट्ट बसतो. फावड्याशिवाय त्यापुढे काही चालत नाही.

केदारकंठाची नेहमीची वाट त्यामानाने सौम्य आहे, पण तिथून आलेला माणूस पुढच्या हिवाळ्यात वरची खिंड मागतो. तेव्हा पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा: चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन बुलेटिन रोज कोण पाहणार, आणि ऊन पडलेलं असताना परत फिरायचं कोण ठरवणार? नाव सांगता आलं नाही तर दुसरा आयोजक शोधा.