ध्वनिमिश्रणातील पातळीसमन्वय : ग्रामीण भागातील नवोदित डीजेंच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

लग्नाची वरात, जयंतीची मिरवणूक आणि गणेश विसर्जन या प्रसंगी डीजे लावण्याची प्रथा मराठवाड्यात रूढ झाली आहे. परभणी जिल्ह्यातील बोरीसारखी मोठी गावेही त्याला अपवाद नाहीत. ग्रामीण बोलीत ‘डीजे’ हा शब्द वाजविणाऱ्या व्यक्तीपेक्षा वाहनावर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या संचालाच अधिक लावला जातो. परिणामी यंत्राची चर्चा होते. चालविणाऱ्याच्या कौशल्याची होत नाही. या कौशल्याची पहिली पायरी म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना दोहोंची ध्वनिपातळी समान राखणे होय. प्रस्तुत लेखात या क्रियेचे शास्त्रीय स्वरूप व तिचे सामाजिक महत्त्व यांचा विचार केला आहे.

पातळीतील तफावतीचे कारण

1970च्या दशकातील चित्रपटगीतात हळू व मोठ्या आवाजातील अंतर बरेच असते. अलीकडच्या रिमिक्समध्ये हे अंतर हेतुतः दाबून सरासरी पातळी कमाल पातळीच्या जवळ आणलेली असते. त्यामुळे दोन्ही गाण्यांची कमाल पातळी सारखी असली तरी दुसरे गाणे कानाला पुष्कळ मोठे वाटते. कमाल पातळी मोजणारा दर्शक म्हणूनच फसवा ठरू शकतो. जाणवणाऱ्या मोठेपणाच्या मापनासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2006 मध्ये बीएस 1770 हे मानक प्रसिद्ध केले. डीजे सॉफ्टवेअरमधील स्वयंचलित गेनची सोयही सरासरीच्या तत्त्वावर चालते. तथापि, संपूर्ण गाण्याची सरासरी व प्रत्यक्ष मिसळला जाणारा भाग यांत फरक असू शकतो. म्हणून अंतिम निर्णय कानानेच घ्यावा लागतो.

समन्वयाची पद्धती

मिक्सरवर प्रत्येक गाण्यासाठी ‘गेन’ व ‘फेडर’ अशी दोन नियंत्रणे असतात. गेन येणाऱ्या संकेताची पातळी ठरवितो, तर फेडर त्यातील किती भाग श्रोत्यांपर्यंत जावा हे ठरवितो. नवोदित डीजे बहुधा फेडरनेच तफावत भरून काढतो व पुढील गाण्याला फेडर सरकविण्यास जागाच उरत नाही. योग्य क्रम पुढीलप्रमाणे सांगता येईल. प्रथम फेडर खाली ठेवून येणारे गाणे हेडफोनवर ऐकावे. त्यातील सर्वांत भरदार भाग, म्हणजे बहुधा ध्रुवपद, निवडावा. संथ सुरुवातीवरून गेन लावल्यास पुढे आवाज एकदम उसळतो. दर्शकावरील पातळी चालू गाण्याइतकी येईपर्यंत गेन फिरवावा, दोन्ही गाणी आलटून पालटून ऐकून खात्री करावी आणि मगच फेडर उचलावा.

समान पातळीची दोन गाणी एकाच वेळी वाजली की एकूण पातळी सुमारे 3 डेसिबलने वाढते. दोन्हींचे ठोके तंतोतंत जुळले तर खर्जात ही वाढ 6 डेसिबलपर्यंत जाऊ शकते. म्हणून मिश्रणाच्या काळात एका गाण्याचा बास कमी करणे इष्ट ठरते. भजनात एकाने चाल उचलली की दुसरा आपला आवाज आवरता घेतो, त्यातील विवेकही हाच आहे.

संचित वाढीचा धोका

येणारे गाणे किंचित मोठे ठेवले की ते अधिक उत्साही वाटते. येथेच खरा धोका आहे. समजा, प्रत्येक बदलात केवळ 1 डेसिबलची वाढ झाली. हा फरक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु नऊ बदलांनंतर पातळी 9 डेसिबलने वाढते व ॲम्प्लिफायरला सुमारे आठपट शक्ती द्यावी लागते. 500 वॅटच्या जागी 4,000 वॅट! ती उपलब्ध नसल्यास आवाज फाटतो.

कानांच्या बाबतीत हा हिशेब अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या 1998 च्या निकषांनुसार 85 डेसिबल आवाजात आठ तास, 91 मध्ये दोन तास, तर 100 डेसिबलमध्ये केवळ 15 मिनिटे राहणे ही मर्यादा मानली जाते. म्हणजे वरील 9 डेसिबलमुळे दोन तासांची मुभा पाव तासावर येते. ध्वनिक्षेपकांना सर्वाधिक जवळ स्वतः डीजे असतो, हे विसरता येत नाही.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 अन्वये निवासी क्षेत्रासाठी दिवसा 55 डेसिबलचे मानक आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज परिसराच्या मानकापेक्षा 10 डेसिबलहून अधिक किंवा 75 डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. म्हणजेच निवासी वस्तीत ही मर्यादा 65 डेसिबल ठरते. मिरवणुकीतील भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांना ही मर्यादा पाळणे किती कठीण आहे, हे वेगळे सांगावयास नको.

निष्कर्ष

पातळीसमन्वयाचे सूत्र एका वाक्यात सांगता येते : आरंभी एक पातळी निश्चित करावी आणि मोठे गाणे तिच्यापर्यंत खाली आणावे, लहान गाण्याला मोठ्याच्या मागे चढवू नये. हंगामात हे काम करणारे अनेक तरुण महाविद्यालयांतील विद्यार्थीच असतात. भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात लॉगरिदम शिकविताना मिक्सरचे उदाहरण घेतले आणि स्नेहसंमेलनाच्या ध्वनियोजनेत ध्वनिमापक ठेवला, तर हे ज्ञान त्यांच्यापर्यंत सहज पोहोचेल. आवाज वाढविण्यास यंत्र पुरेसे असते. तो आवरण्यास मात्र शिक्षण लागते.