गाय आली, आजोळ मागे पडलं

दहा पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या १०२४ जागा दिसतात. बापाकडून बापाकडे जाणारी वंशावळ त्यांतली एकच जपते, बाकीच्या १०२३ गाळते. जनुकं मात्र आई आणि बाप दोघांकडून येतात. तेव्हा कूळ निसर्ग ठरवत नाही. कुणाला मोजायचं आणि कुणाला वगळायचं, हे समाज ठरवतो.

मेघालयातलं खासी मूल आईच्या कुळाचं. वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं. म्हाताऱ्या आईबापांची काळजी आणि कुळाचे विधीही तिच्याचकडे. पण हे स्त्रीराज्य नव्हे. कुळाच्या कारभारात मामाचा शब्द मोलाचा, आणि गावच्या दरबारात परंपरेनं पुरुषच बसत आले. नायजेरियातल्या याको समाजात शेतजमीन बापाच्या वंशातून मिळे, तर पैसा आणि इतर जंगम मालमत्ता आईच्या. इनुइट लोक दोन्हीकडचे नातलग सारखेच मानतात.

इतका फरक का? एक उत्तर आफ्रिकेतल्या गोठ्यात सापडतं. क्लेअर होल्डन आणि रूथ मेस या संशोधकांनी २००३ साली बांटू आणि तिच्या जवळच्या भाषा बोलणाऱ्या ६८ समाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भाषांच्या वंशवृक्षावर त्यांनी चालीरीतींचे बदल तपासले. गुरं पाळू लागलेले मातृवंशी समाज पुढे पितृवंशी किंवा मिश्र पद्धतीकडे वळल्याचं दिसलं.

यामागचा हिशेब असा: तिथे लग्नात वरपक्ष वधूपक्षाला गुरं देतो. ज्याच्याकडे गुरं जास्त, त्याला बायका जास्त करता येतात, म्हणून मुलेही जास्त. साहजिकच आईबापांना गुरं मुलीपेक्षा मुलाला देण्यात वंशवाढीचा फायदा. कुदळीनं कसलेल्या जमिनीत मुलाला असा वरचढपणा मिळत नाही. शिवाय मुलीची मुलं आपल्याच रक्ताची, याची खात्री असते.

मालमत्तेचं रूप बदललं की वंशाची रीतही टिकत नाही, हे केरळानंही पाहिलं. नायर समाजाच्या तरवाडात, म्हणजे एकत्र घराण्यात, मालमत्ता आईच्या वंशाची आणि सामाईक, कारभार थोरल्या मामाकडे. शिक्षण आणि पगाराच्या नोकऱ्या आल्या, तसा तरुणांना आपला वाटा वेगळा हवासा झाला. वाटण्यांना मुभा देणारे कायदे आले आणि १९७५ च्या कायद्यानं केरळातली एकत्र कुटुंब पद्धतच संपवली. घराण्याची सामाईक मिळकत गेली, तसा मामाचा अधिकारही गेला.